रिकिबीतला पाय आणि ध्यानाचे सुख

सप्तचक्रशुद्धी, ऊर्जाजागृती, आनंदध्यान अशा भारदस्त नावांची शिबिरे आता मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. जे शिबिर तालुक्याच्या गावी भरत नाही ते मोबाइलच्या पडद्यावर भरते, आणि बालाघाटाच्या माथ्यावरील किल्ले धारूरचा दुकानदार, शिक्षक किंवा पेन्शनर कारकूनही पहाटे उठून, कानांत यंत्राची बोंडे घालून, मूलाधारापासून सहस्रारापर्यंतचा प्रवास कोणा दूरदेशीच्या मार्गदर्शकाच्या आवाजात करू शकतो. यात हसण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. डोळे मिटून स्वस्थ बसण्याची इच्छा माणसाला व्हावी, ही कोणत्याही काळात शुभ गोष्टच समजली पाहिजे. आणि अशा बैठकीच्या अखेरीस अनेकांच्या डोळ्यांत जे आनंदाश्रू येतात ते खोटे असतात असे म्हणण्याचा अधिकार, ज्याने स्वतः कधी बैठक मारलेली नाही अशा टीकाकाराला तर मुळीच पोचत नाही. परंतु या साधकांची जी एक सार्वत्रिक तक्रार कानी येते ती विचार करण्यासारखी आहे. ती अशी की, ध्यानात मिळालेली प्रसन्नता उठल्यावर टिकत नाही. तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभे राहिले, किंवा घरी भावाभावांत बांधावरून बोलणे वाढले, की सातही चक्रे जणू एकदम बंद पडतात. मग पुन्हा नवे शिबिर, नवी फी आणि नवे अश्रू.

या तक्रारीचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धारूरहून तासाभराच्या अंतरावर अंबाजोगाई आहे, आणि तेथील डोंगरदरीत विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. मुकुंदराजांविषयी परंपरेने जी आख्यायिका जपली आहे ती आजच्या शिबिरयुगात नव्याने सांगण्याजोगी आहे. जैत्रपाळ नावाच्या राजाला ब्रह्मसाक्षात्काराची ओढ लागली, पण ती राजाला शोभेल अशा घाईची. रिकिबीत पाय टाकून घोड्यावर मांड ठोकण्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला ब्रह्म दाखवा, असा त्याचा हुकूम होता, आणि ज्या विद्वानांना ते साधले नाही त्यांना त्याने वेठीस धरून तळे खोदण्याच्या कामावर जुंपले. शेवटी मुकुंदराज आले, राजाचा पाय रिकिबीत असतानाच त्यांनी त्याला समाधी लावली आणि त्या बिचाऱ्या शास्त्रीमंडळींची सुटका झाली. आख्यायिकेचा हा भाग कीर्तनांतून रंगवून सांगितला जातो. त्याच्या पुढचा भाग तितका रंगतदार नसल्यामुळे की काय, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: ज्याला एका क्षणात सर्व काही दिसले, त्याच राजाच्या निमित्ताने मुकुंदराजांना पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून अठरा प्रकरणांचा ग्रंथ रचावा लागला, अशीही परंपरा सांगते. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ हा मानला जातो. त्याविषयी आणि स्थळाविषयीही संशोधकांत वाद आहेत. वाद काही असो. क्षणाने काम भागले असते तर अठरा प्रकरणांचे प्रयोजन काय होते, हा प्रश्न मला त्या वादांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

अनुभव येणे आणि अनुभव राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे आपल्या योगशास्त्राला पुरते ठाऊक होते. पतंजलीने चित्तविक्षेपाची जी नऊ कारणे मोजली आहेत, त्यांत एक भूमिका प्राप्तच न होण्याचे आहे आणि त्याच्याच शेजारी दुसरे, प्राप्त झालेल्या भूमिकेवर स्थिर न राहता येण्याचे आहे. म्हणजे आजच्या साधकाची तक्रार दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी, रीतसर नोंदलेली आणि शास्त्रकारांनी मान्य केलेली आहे. तीत लाज वाटण्यासारखे काही नाही.

धारूरकराला तर ही गोष्ट ग्रंथावाचूनही समजावी. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने येथील दुर्ग उभा केला, आणि थोड्याच काळात मुर्तजा निजामशहाची फौज चालून येऊन खुद्द किश्वरखान मारला गेला व किल्ला निजामशाहीत गेला. पुढे १६३१ मध्ये तो मोगलांनी घेतला. तीन बाजूंनी दऱ्या, एका बाजूने खंदक, आत पाण्याची तळी, एवढे सगळे असूनही तट एकदा बांधला म्हणून किल्ला राखला गेला असे झाले नाही. त्याला शिबंदी लागते, रात्रीची गस्त लागते, दाणागोट्याचा हिशेब लागतो. चक्रसाधनेकडे मी याच दृष्टीने पाहतो. चक्रे ‘उघडण्या’साठी एकदाची मोहीम काढावी आणि फत्ते झाली म्हणून नगारा वाजवावा, अशी कल्पना हल्ली रूढ झाली आहे, वास्तविक ती दिवसातून अनेक वेळा फिरून यावयाची ठाणी आहेत. ध्यानाचे सुख टिकायचे असेल तर ते मोहिमेने टिकणार नाही, गस्तीने टिकेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते म्हणणे पटवून देण्यापूर्वी चक्रांविषयी जे अनेक गैरसमज पक्के होऊन बसले आहेत त्यांचा थोडा परामर्श घेणे प्राप्त आहे. सहा चक्रे आणि वर सहस्रार ही जी व्यवस्था आज अनादिसिद्ध म्हणून सांगितली जाते, ती अनेक व्यवस्थांपैकी एक होय. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ चक्रे वर्णिली आहेत. मत्स्येंद्रनाथांच्या नावावरील कौलज्ञाननिर्णयात निराळीच मांडणी आढळते. बंगालच्या पूर्णानंदांनी १५७७ मध्ये षट्चक्रनिरूपण लिहिले, कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ या ग्रंथात त्याचे इंग्रजी भाषांतर जगापुढे ठेवले, आणि या एका ग्रंथाच्या प्रसारामुळे इतर परंपरा मागे पडून हीच एक प्रमाण ठरली. त्यात मोठे सौंदर्य आहे हे कबूल केले पाहिजे. मूलाधाराच्या चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाच्या सहा, मणिपूराच्या दहा, अनाहताच्या बारा, विशुद्धाच्या सोळा आणि आज्ञेच्या दोन, अशा एकूण पन्नास पाकळ्या होतात व प्रत्येकीवर वर्णमालेतील एकेक अक्षर ठेवलेले आहे. म्हणजे साधकाने आपल्या देहातून फिरताना सगळी भाषाच उच्चारीत फिरावे, अशी ही योजना. ध्यानासाठी कोणी तरी अत्यंत कुशलतेने रचलेले हे चित्र आहे.

आज मात्र या चित्रावर नवा रंग चढला आहे, आणि तोही अक्षरशः. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने सात चक्रांना वाटून देण्याची चाल गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांत पडली आणि तेथून ती आपल्याकडे प्राचीन विद्या म्हणून परत आली. पूर्णानंदांचे मणिपूर पावसाने भरलेल्या मेघाच्या रंगाचे आहे, आजच्या तक्त्यांत ते पिवळे असते. त्यांचे आज्ञाचक्र शुभ्र आहे, आज ते गडद निळे दाखवतात. ज्याला पिवळ्या रंगावर चित्त एकाग्र करून समाधान मिळते त्याने ते खुशाल करावे. ऋषिमुनींच्या नावाची मोहोर तेवढी त्यावर उठवू नये.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा. स्वामी दयानंदांनी आपल्या आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे: गंगेतून वाहत आलेले प्रेत त्यांनी ओढून काढले, चाकूने चिरून पाहिले, ग्रंथांत वर्णिलेली चक्रे काही सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ प्रेतासह नदीत सोडून दिले. त्या निर्भय जिज्ञासेविषयी मनात आदर उत्पन्न होतो, पण हेही वाटते की प्रेतात तर रागही सापडला नसता आणि मायाही सापडली नसती. पुढे मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून, कुंडलिनी म्हणजे मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोट यांकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू, तोही उजवीकडचा, असा सिद्धांत मांडला. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या वुड्रॉफ यांनी तेथेच आपली असहमती नोंदवली. रेळे यांचे समीकरण कोणी आज स्वीकारणार नाही, परंतु त्यांचे बोट फार चुकीच्या जागी पडले होते असे नव्हे. संथ श्वासाने या मज्जातंतूचे कार्य वाढते आणि हृदयाची गती निवळते, हे आता प्रयोगांनी दिसलेले आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेचा लॅटिन पाठ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, या दोहोंनीही श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते, असे आढळले. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी उड्डियान आणि नौली या योगक्रियांचे क्ष-किरण यंत्रापुढे परीक्षण आरंभले तेव्हा या वाटेची मुहूर्तमेढ रोवली गेली होती. त्यांची वृत्ती श्रद्धेची होती, पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही अशी होती, आणि ती वृत्ती त्यांच्या नंतरच्या ऊर्जावाद्यांत अभावानेच आढळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बीड जिल्हा हा नाथांचा जिल्हा आहे. आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंब्यास मच्छिंद्रनाथांची आणि पाटोद्याकडे चिंचोलीच्या गडावर गहिनीनाथांची समाधी मानली जाते. त्या गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना जो ठेवा मिळाला, त्याचे सर्वांत प्रगट वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानदेवांनी आपल्या परंपरेचे धन तेथे मुक्तहस्ताने ओतले, आणि मराठीत देहाच्या आतल्या प्रवासाचे इतके समर्थ चित्रण क्वचितच झाले असेल. पण त्या ओव्या वाचून थांबणाऱ्याला ज्ञानदेव अर्धेच कळले. लगोलग अर्जुन पात्रतेचा प्रश्न विचारतो, आणि उत्तर येते ते मोजक्या आहाराचे, मोजक्या निद्रेचे, मोजक्या कष्टांचे; पुढे तो मनाच्या चांचल्याची कैफियत मांडतो तेव्हा उपाय सांगितला जातो तो अभ्यासाचा आणि वैराग्याचा. बाराव्या अध्यायात तर या मार्गाने जाणाऱ्यांचे क्लेश सांगून सामान्य जनांसाठी भक्तीची वाट अधिक सुगम म्हणून दाखवलेली आहे. ज्याने कुंडलिनीचे असे वर्णन केले त्याने लोकांच्या हाती दिली ती नामाची आणि वारीची दैनंदिन वहिवाट. आजही गहिनीनाथगडावर नाथांची समाधी आणि वारकऱ्यांची वीणा एकत्र नांदतात. योगाची शिखरे ज्यांच्या परंपरेने पाहिली ती माणसे रोजच्या हरिपाठाला आणि वर्षाच्या सप्ताहाला बांधली गेली, यात मला मोठे व्यवहारज्ञान दिसते. नियमाने सुख टिकते हे त्यांना कळले होते. (सप्ताहात ध्वनिक्षेपकाचा जो आवाज हल्ली असतो, त्यात कोणाचे अनाहत चक्र शाबूत राहत असेल हा प्रश्न वेगळा.)

मग गस्त म्हणजे नेमके काय करावे? सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांची बैठक, पाठ ताठ, श्वास लांब आणि सहज, आणि चित्ताने आसनाच्या बैठकीपासून बेंबी, छाती, कंठ, भ्रूमध्य अशा ठाण्यांवर सावकाश थांबत वर जावे, तसेच सावकाश खाली यावे. कोठे उष्णता वाटली, कंप झाला, प्रकाश दिसला, तर वाटो. त्याची फुशारकी मारू नये आणि उद्या तो पुन्हा यावा अशी तगादेवजा मागणीही करू नये. इतके बहुतेक शिक्षक सांगतात. जे सांगितले जात नाही आणि माझ्या मते जे सर्वांत उपयुक्त आहे, ते बैठकीबाहेरचे. राग हा विचाराच्या रूपाने डोक्यात येण्याआधी कंठ आवळतो. चिंता पोटात गोळा होऊन बसते. मत्सराने छाती जड होते. भीतीने पायांतले बळ जाते. ज्याने रोज त्या त्या स्थानी चित्त नेऊन ठेवण्याचा सराव केला आहे, त्याला हे पाहुणे उंबरठ्यावर असतानाच दिसू लागतात. रांगेत उभे असताना बेंबीपाशी आलेली आवळण जाणवली, दोन श्वास तेथेच सोडले, आणि कारकुनाला बोलायचे ते बोललो, पण आवाज न चढवता, एवढा त्या साधनेचा दृश्य लाभ. कोणाला तो क्षुल्लक वाटेल. परंतु अशा क्षुल्लक प्रसंगांनीच माणसाचा दिवस भरलेला असतो, आणि ज्या सुखाला तेथे प्रवेश नाही ते सुख टिकत नाही अशी तक्रार करण्यातही मग अर्थ उरत नाही. आणखी एक. ही प्रसन्नता सतत एकाच पातळीवर राहावी ही अपेक्षाच सोडून द्यावी. घरात मृत्यू झाला असता ज्याचा आनंद ढळत नाही तो सिद्ध असेल किंवा निष्ठुर असेल. आपण दोन्ही नसतो.

येथपर्यंत जे लिहिले ते ज्याच्याजवळ सकाळची वीस मिनिटे स्वतःची आहेत अशा माणसासाठी झाले. धारूर तालुक्यात तशी नसलेली माणसे फार आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास, बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळे पिकून फुटू लागतात त्याच दिवसांत, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. पहाटे अंधारात फडावर जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री कोपीत येऊन भाकरी थापायच्या, आणि उचल फिटेपर्यंत हा क्रम मोडायचा नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. एखाद्या ऊर्जाचिकित्सकाने अशा स्त्रीला, तुझे स्वाधिष्ठान अडले आहे म्हणून ओटीपोट दुखते, असे सांगावे, यासारखी क्रूर गोष्ट मला सुचत नाही. तिचे जे अडले आहे ते पाळीच्या दिवसांतील सुट्टीपाशी, फडावरच्या स्वच्छ पाण्यापाशी आणि शौचालयापाशी, खाड्याच्या दंडापाशी, आणि पोट चिरण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याच्या सोयीपाशी. दुःखाची सारी कारणे माणसाच्या आत असतात असे शिकवणारी साधना मुकादमाला आणि कारखानदाराला फार सोयीची आहे, म्हणून तिच्याविषयी सावध असले पाहिजे. याचा अर्थ त्या स्त्रीला अंतरंग नाही असा मात्र कोणी करू नये. जात्यावर ओवी गाणाऱ्या आणि कोयत्याच्या तालावर नाम घेणाऱ्या स्त्रियांना संथ श्वासाचे मर्म शिकवायला शहरातून कोणी येण्याची गरज नव्हती. तिला प्रथम विश्रांती द्यावी. ध्यान ती आपले आपण शोधील.

शिबिरांच्या व्यापाराविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. १९७० मध्ये नारगोळ येथे सहजयोगाचा आरंभ करणाऱ्या निर्मला श्रीवास्तव, माहेरच्या साळवे, यांनी ही विद्या संन्याशाच्या गुहेतून काढून संसारी माणसांच्या घरात आणली. पुण्याच्या गुळवणी महाराजांनी शक्तिपाताची दीक्षा गृहस्थांना दिली. त्या त्या मार्गाचे सिद्धांत पटोत वा न पटोत, प्रपंच सोडल्यावाचून हे साधते ही त्यांची भूमिका महत्त्वाची होती. परंतु जेथे पहिली पायरी अमुक हजारांची आणि दुसरी त्याच्या दुप्पट, जेथे मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्यास सांगितले जाते, आणि जेथे लाभ झाला नाही तर दोष साधकाच्या श्रद्धेत असतो, तेथून उठून यावे. हठप्रदीपिकेनेच बजावून ठेवले आहे की अयुक्त प्राणायामाने रोग उद्भवतात. ज्याला पूर्वी मनोविकार झाला आहे, झोप अजिबात लागत नाही, किंवा ध्यानात आवाज ऐकू येऊन भीती वाटते, त्याने श्वास कोंडण्याच्या क्रिया थांबवून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन दाखवावे. तेथे जाण्यात साधनेचा कोणताही अपमान नाही.

शेवटी गावच्या मंडळींना एक सूचना. पाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात आणि पेरणीपर्यंतचे दिवस त्यांना थोडे मोकळे असतात. याच दिवसांत गावोगावी सप्ताह बसतात. त्या सात दिवसांतली एक संध्याकाळ ध्वनिक्षेपक बंद ठेवून अर्धा तास सर्वांनी निःशब्द बसण्यासाठी राखावी, बसणाऱ्याला चक्रांची नावे येत असोत वा नसोत. आणि एक सकाळ मंडपातच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना व परिचारिकांना बोलावून परतलेल्या स्त्रियांच्या तपासणीसाठी ठेवावी. पंगतीचा खर्च गाव करतेच. त्यात रक्ताच्या तपासणीचा खर्च बसण्याजोगा आहे. तपासणीचे कागद मात्र प्रत्येकीच्या हाती द्यावेत, म्हणजे पुढल्या दिवाळीनंतर ती ज्या फडावर जाईल तेथील डॉक्टरपुढे तिला ते ठेवता येतील.